आहारपूरकातील यीस्ट: ओळख, निवड, वापर आणि कोकणातल्या हवेत साठवण

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी अशा गावांतल्या मेडिकलच्या दुकानांत आता यीस्ट असलेली आहारपूरके सर्रास मिळतात, आणि गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानातूनही असे डबे घरोघरी पोहोचतात. कुणी ती केस गळतात म्हणून घेतो, कुणी जुलाबावर, कुणी साखर आटोक्यात यावी म्हणून, तर मासे न खाणाऱ्या घरांत बी-१२ जीवनसत्त्वासाठी ती आणली जातात. या सगळ्या डब्यांवर यीस्ट हा एकच शब्द असला, तरी आतला पदार्थ प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. एका प्रकारचे गुण दुसऱ्या प्रकाराला लावले जातात, आणि पैसा वाया जाण्याचे व क्वचित अपाय होण्याचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. म्हणून हा लेख कोणते उत्पादन चांगले हे सांगत नाही. हातातला डबा नेमका कशाचा आहे, त्याची आपल्याला गरज आहे का, आणि असल्यास तो कसा घ्यावा व कसा सांभाळावा, हे तो क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: डब्यात कोणते यीस्ट आहे ते ओळखणे

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. आहारपूरकांत येणारे बहुतेक यीस्ट सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या जातीचे असते. बेकरीतला पाव तिनेच फुगतो, बिअर तिनेच आंबते, आणि माडावरून उतरवलेला गोड रस काही तासांत फेसाळून त्याची माडी होते त्यातही प्रामुख्याने हीच जात असते. कोकणाला यीस्ट नवे नाही. नवे आहे ते गोळी, कॅप्सूल किंवा पापुद्र्यांच्या रूपात, ठरावीक मात्रेत ते रोज घेणे.

सर्वांत आधी एक गोष्ट बाजूला काढली पाहिजे. किराणा दुकानात मिळणारे पाव करण्याचे कोरडे यीस्ट हे आहारपूरक नव्हे. ते जिवंत असते, आणि जिवंत यीस्ट पोटात गेले की त्याच्या पेशी स्वतःसाठीच थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शोषून घेतात. त्यामुळे जे मिळावे म्हणून ते खाल्ले तेच कमी होण्याची शक्यता असते, शिवाय पोट फुगते ते वेगळेच. स्वस्त पडते म्हणून ही पुडी दुधात कालवून पिण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मुळीच मानू नये.

आहारपूरक म्हणून येणारे ब्रुअर्स यीस्ट हे मुळात बिअरच्या कारखान्यातील जोडउत्पादन आहे. बिअर तयार झाल्यावर तळाशी उरलेले यीस्ट गोळा करून, उष्णतेने मारून, वाळवून त्याची पावडर किंवा गोळ्या केल्या जातात. हॉप्समुळे (बिअरला चव देणाऱ्या वेलीच्या फुलांमुळे) त्याला कडवटपणा असतो, म्हणून काही उत्पादक तो धुऊन काढतात. बिअर जवापासून होत असल्याने या यीस्टमध्ये ग्लुटेनचा, म्हणजे गहू-जवातल्या प्रथिनाचा, अंश राहू शकतो, आणि सिलियाक रोग (ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा विकार) असलेल्या माणसाने हे लक्षात ठेवणे अत्यावश्यक आहे.

न्यूट्रिशनल यीस्ट म्हणून विकले जाते ते बहुधा उसाच्या किंवा बीटच्या मळीवर मुद्दाम वाढवलेले असते. तेही उष्णतेने निष्क्रिय केलेले असते, म्हणजे त्याने पीठ फुगणार नाही. त्याच्या पिवळसर, हलक्या पापुद्र्या असतात आणि त्यांना चीजसारखी खमंग चव असते, कारण त्यात चव खुलवणारे नैसर्गिक ग्लुटामेट भरपूर असते. वाळलेल्या यीस्टच्या वजनात साधारण निम्मा भाग प्रथिनांचा असतो आणि बी गटातील अनेक जीवनसत्त्वे त्यात मुळातच असतात. बी-१२ मात्र नसते. हा मुद्दा पुढे सविस्तर येईलच.

यीस्ट अर्क म्हणजे पेशी फोडून, भित्तिका वेगळी काढून उरलेला गाभा. तो काळपट, चिकट आणि खारट लेपाच्या रूपात मिळतो, तसेच सूपच्या पुड्यांत आणि मसाल्यांत चवीसाठी घातला जातो. त्यात मिठाचे प्रमाण मोठे असू शकते.

सॅकरोमायसिस बुलार्डी हा वरच्या सर्वांपेक्षा वेगळा प्रकार, कारण तो जिवंत घ्यायचा असतो. आँरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या फळांवरून हे यीस्ट वेगळे केले. मँगोस्टीन आपल्या कोकमाच्याच कुळातले, गार्सिनिया वंशाचे झाड आहे. आज हे यीस्ट कॅप्सूल किंवा पुडीच्या रूपात, मुख्यतः प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या जुलाबांसाठी दिले जाते.

सेलेनियम यीस्ट आणि क्रोमियम यीस्टमध्ये यीस्ट हे केवळ वाहक असते. वाढताना त्याला ते खनिज पुरवले जाते आणि पेशी ते आपल्यात सामावून घेतात. सेलेनियमच्या बाबतीत बराचसा भाग सेलेनोमेथिओनिन या सेंद्रिय रूपात बांधला जातो. अशा गोळीचा विचार खनिजाची गोळी म्हणूनच करावा. यीस्टच्या भित्तिकेतून काढलेला बीटा-ग्लुकन नावाचा तंतुमय पदार्थ प्रतिकारशक्तीच्या नावाने विकला जातो. कोलेस्टेरॉल उतरवण्याबद्दल ओट्समधल्या बीटा-ग्लुकनची जी ख्याती आहे ती या बीटा-ग्लुकनला लावता येत नाही, कारण दोघांची रासायनिक बांधणी वेगळी आहे.

शेवटी, रेड यीस्ट राइस. नावात यीस्ट असले तरी हे यीस्ट नाही. मोनॅस्कस नावाची बुरशी तांदळावर वाढवून तो लाल भात तयार होतो, आणि त्यात मोनॅकोलिन के नावाचा घटक असतो, जो लोव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरील औषधाहून वेगळा नाही. म्हणजे नैसर्गिक पूरक म्हणून माणूस नकळत स्टॅटिन घेत असतो, आणि डॉक्टरांनी आधीच स्टॅटिन दिले असेल तर त्याच्या मात्रेत भर पडते. जपानमध्ये २०२४ साली या प्रकारच्या काही पूरकांमुळे मूत्रपिंडाचे गंभीर विकार झाले आणि ती बाजारातून परत घ्यावी लागली. घरी कुणी हे घेत असेल तर डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे.

दुसरी पायरी: गरज खरोखर आहे का, हे ताटावरून ठरवणे

किनाऱ्यावरच्या मासे खाणाऱ्या घरात बी-१२ आणि सेलेनियम या दोन्हींचा पुरवठा बांगडा, तारली, कोळंबी यांतून होत असतो. तिसऱ्या आणि कालवे तर बी-१२ च्या बाबतीत फारच समृद्ध असतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ताजी मासळी कमी झाली, तरी सुकट, बोंबील, सोडे घरात असतात आणि यकृतात बी-१२ चा साठाही मोठा असतो, त्यामुळे दोन महिन्यांच्या खंडाने निरोगी माणसात कमतरता निर्माण होत नाही. अशा घराने बी-१२ साठी यीस्ट आणण्याचे मला काही कारण दिसत नाही.

पूर्ण शाकाहारी घरातली स्थिती वेगळी असते, विशेषतः दूध-दही बेताचेच असेल तर. त्याचबरोबर मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे, आम्लपित्तावरच्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे आणि वयस्क लोक मासे खात असले तरी त्यांच्यात बी-१२ चे शोषण कमी होऊ शकते. अशांनी आधी रक्तातील बी-१२ तपासून घ्यावे. तालुक्याच्या बहुतेक प्रयोगशाळांत नमुना घेतला जातो. आकडा बराच खाली असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर यीस्टच्या पापुद्र्यांवर विसंबू नये. तेथे डॉक्टरांनी दिलेली बी-१२ ची इंजेक्शने किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्याच लागतात.

इथे मुंबईचा एक इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण यीस्टचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही त्यातून स्पष्ट होतात. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्लिश संशोधक मुंबईत आली आणि गिरणी कामगार स्त्रियांत गरोदरपणी होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा तिने अभ्यास सुरू केला. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी आकाराने मोठ्या पण संख्येने कमी असत. मार्माइट हा यीस्ट अर्क दिल्यावर त्यांचे रक्त झपाट्याने सुधारते, असे तिला आढळले आणि १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केले. अर्कातला तो गुणकारी घटक म्हणजे फोलेट हे बी गटातले जीवनसत्त्व (गोळीतले त्याचे रूप म्हणजे फॉलिक आम्ल), हे १९४० च्या दशकात स्पष्ट झाले. गरोदर स्त्रियांना आज प्राथमिक आरोग्य केंद्रात लोहाबरोबर फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते, तिच्यामागे हे मुंबईतले काम आहे.

आता मर्यादा पाहू. फोलेट आणि बी-१२ या दोन्हींच्या अभावाने होणारा रक्तक्षय तपासणीत सारखाच दिसतो. बी-१२ कमी असलेल्या माणसाला फॉलिक आम्ल भरपूर मिळाले, तर रक्ताचा अहवाल सुधारू शकतो, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. बी-१२ कोणतेही यीस्ट तयार करत नाही. ते निसर्गात केवळ जिवाणू आणि त्यांच्यासारखे काही सूक्ष्मजीव बनवतात. म्हणून बी-१२ न घातलेले यीस्ट त्यासाठी घेणे निरुपयोगी आहे, आणि त्यामुळे तपासणी लांबणीवर पडत असेल तर ते घातकही आहे. ज्या न्यूट्रिशनल यीस्टच्या घटकयादीत सायनोकोबालामिन असे लिहिलेले असते, त्यातच ते बाहेरून घातलेले असते.

बाकीच्या गरजा थोडक्यात सांगतो. सेलेनियमसाठी प्रौढांची रोजची शिफारस आपल्याकडे ४० मायक्रोग्रॅमची आहे, आणि नियमित मासे खाणाऱ्याला त्यासाठी गोळी लागू नये. क्रोमियमला साखरेशी जोडणारे संशोधन १९५० च्या दशकात ब्रुअर्स यीस्टवरूनच पुढे आले, पण मधुमेहावर उपचार म्हणून ते नेहमी द्यावे असे आजच्या प्रमुख मार्गदर्शक सूचना म्हणत नाहीत. केस गळतीसाठी यीस्टच्या गोळ्या घेण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण आपल्याकडच्या स्त्रियांत त्या बाजूचीच कारणे जास्त आढळतात.

तिसरी पायरी: लेबल वाचणे

डबा विकत घेण्यापूर्वी तो फिरवून मागची बाजू पाहावी. भारतात पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनावर एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचे, चिन्ह आणि १४ अंकी परवाना क्रमांक असतो, आणि तो क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून परवाना कुणाच्या नावावर आहे हे पाहता येते. परदेशातून आलेल्या डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता असलेली चिठ्ठी हवी. औषधी वापरासाठी नाही, अशी सूचनाही पूरकावर असावी लागते. ज्या डब्यावर ही सूचना आणि शेजारीच रोग बरा करण्याचा दावा अशा दोन्ही गोष्टी असतील, तो डबा परत ठेवून द्यावा. बुलार्डीची काही उत्पादने मात्र औषधाच्या परवान्याखाली येतात. त्यांच्यावर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो.

त्यानंतर घटकयादी वाचावी. एका कल्पित लेबलचे उदाहरण घेऊ. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत बी-कॉम्प्लेक्सने समृद्ध असे लिहिले आहे आणि मागे घटक म्हणून फक्त वाळवलेले निष्क्रिय यीस्ट एवढेच आहे. याचा अर्थ त्यात बी-१२ नाही, पुढची अक्षरे कितीही मोठी असोत. दुसऱ्या डब्यावर यीस्टनंतर नियासिन, पायरिडॉक्सिन, रायबोफ्लेविन, थायमिन, फॉलिक आम्ल, सायनोकोबालामिन अशी नावे आहेत. हे बाहेरून जीवनसत्त्वे घातलेले यीस्ट झाले. इथे पुढचा प्रश्न मात्रेचा. पोषणाचा तक्ता १०० ग्रॅमचा आहे की एका वेळच्या मात्रेचा, हे पाहिल्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही. १०० ग्रॅममागे प्रथिने ५० ग्रॅम हा आकडा मोठा वाटतो, पण पापुद्र्यांचा एक मोठा चमचा जेमतेम ५ ग्रॅमचा असतो, म्हणजे त्यातून सुमारे अडीच ग्रॅम प्रथिने मिळतात. वाटीभर घट्ट डाळीतून त्याहून कितीतरी अधिक मिळतात. प्रथिनांसाठी म्हणून यीस्ट घेणे आपल्या डाळी-कडधान्यांच्या किमती पाहता महागच पडते.

सेलेनियम यीस्टच्या लेबलवर एक आकडा यीस्टच्या वजनाचा आणि दुसरा प्रत्यक्ष सेलेनियमचा असतो, आणि त्या दोन्हींची गल्लत सहज होते. आपल्याला दुसरा आकडा हवा, तोही मायक्रोग्रॅममध्ये. सर्व मार्गांनी मिळून दिवसाला किती सेलेनियम चालेल याची कमाल मर्यादा अमेरिकेत ४०० मायक्रोग्रॅम धरली जाते, तर युरोपात २०२३ मध्ये ती प्रौढांसाठी २५५ वर आणण्यात आली. २०० मायक्रोग्रॅमची गोळी आणि रोजचे मासे मिळून ही रेषा किती जवळ येते, हे सहज लक्षात येईल. सेलेनियम जास्त झाले की केस गळतात, नखे ठिसूळ होतात आणि श्वासाला लसणासारखा वास येतो. केसांसाठी घेतलेल्या गोळीनेच केस गळू शकतात, हे अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेत २००८ साली एका द्रवरूप पूरकात चुकून लेबलच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडले होते आणि दोनशे लोकांना त्याची बाधा झाली होती.

बुलार्डीच्या पाकिटावर मिलिग्रॅमबरोबर जिवंत पेशींची संख्या आणि ती संख्या मुदत संपेपर्यंतची आहे की फक्त उत्पादनावेळची, हे पाहावे. साठवणीचे तापमानही तिथेच लिहिलेले असते.

चौथी पायरी: कोणी टाळावे आणि कोणी विचारून घ्यावे

ज्यांना गाऊट हा सांधे सुजण्याचा विकार आहे किंवा युरिक आम्ल वाढलेले आहे, त्यांनी यीस्टच्या गोळ्या, पापुद्र्या आणि अर्क टाळावेत. यीस्टमध्ये प्युरिनचे प्रमाण फार मोठे असते आणि शरीरात त्याचे युरिक आम्ल होते. तारली, सुकट, जवळा, बोंबील यांतही प्युरिन भरपूर असल्यामुळे किनाऱ्यावरच्या जेवणात ही भर आणखी जड जाते. पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीत सुजून लाल होण्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला अधिक सांगायला नको.

यीस्ट अर्कात आणि ब्रुअर्स यीस्टमध्ये टायरामिन हा रक्तदाब वाढवू शकणारा घटक असतो. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणाऱ्या नैराश्यावरील जुन्या औषधांबरोबर ते घेतल्यास रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. ही औषधे आता क्वचितच दिली जातात, परंतु औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात वापरले जाणारे लिनेझोलिड हे प्रतिजैविकही काही अंशी तसेच वागते. क्षयरोगाच्या रुग्णाला ताकद यावी म्हणून नातेवाईक प्रेमाने यीस्टचा डबा आणतात, तेव्हा तो उघडण्याआधी त्याच्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्या काही जणांनाही टायरामिन सोसत नाही.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना क्रोमियम यीस्ट स्वतःच्या मनाने सुरू करू नये, साखर अवाजवी खाली जाण्याचा संभव असतो. क्रोन्स रोग (आतड्याला दीर्घकाळ सूज राहण्याचा विकार) असलेल्यांनी आणि बुरशीची ॲलर्जी असलेल्यांनी यीस्ट विचारूनच घ्यावे.

सर्वांत कडक मनाई जिवंत बुलार्डीबाबत आहे. अतिदक्षता विभागातील रुग्ण, मानेतील किंवा छातीतील मोठ्या शिरेत नळी घातलेला रुग्ण, आणि केमोथेरपी, अवयव रोपण किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती फार खालावलेला रुग्ण यांना ते देऊ नये, कारण यीस्ट रक्तात शिरून जंतुसंसर्ग होऊ शकतो. ही कॅप्सूल अशा रुग्णाच्या खाटेजवळ उघडूही नये. हवेत उडालेली पावडर आणि हाताला लागलेले कण त्या नळीपर्यंत पोहोचू शकतात. इस्पितळात रुग्णाला भेटायला गेल्यावर शेजारच्या खाटेवरील माणसाचाही विचार यात आला.

पाचवी पायरी: न्यूट्रिशनल यीस्ट रोजच्या जेवणात बसवणे

सुरुवात अर्ध्या चहाच्या चमच्याने करावी. एकदम दोन मोठे चमचे घेतल्यास पोटात वायू धरतो आणि मग डबा कायमचा फडताळात जातो. आठवड्याभरात हळूहळू एका मोठ्या चमच्यापर्यंत यावे. जीवनसत्त्वे घातलेल्या यीस्टचे बहुतेक काम तेवढ्यात होते. लघवी गडद पिवळी झाली तर घाबरू नये, ते जादा रायबोफ्लेविन बाहेर पडत असते. चेहरा व मान लाल होऊन गरम वाटू लागली तर ते नियासिनमुळे असू शकते, आणि अशा वेळी मात्रा कमी करावी.

पापुद्र्या घालण्याची वेळ महत्त्वाची आहे. थायमिन आणि फोलेट फार वेळ उकळल्याने नष्ट होतात, म्हणून यीस्ट फोडणीत किंवा उकळीत घालू नये. कुळथाच्या पिठीचे उदाहरण घेऊ. लसूण, मिरचीची फोडणी, पाणी, आमसूल, मग कुळथाचे पीठ घालून पिठी रटरटली की गॅस बंद करावा आणि झाकण काढून वाफ जरा बसू द्यावी. ताटात वाढल्यावर वरून पापुद्र्यांचा एक चमचा भुरभुरावा. त्या लगेच विरघळतात, पिठी किंचित दाट होते आणि चव अधिक भरीव लागते, म्हणून मीठ सुरुवातीलाच थोडे कमी घालावे. आमसुलाच्या आंबटपणाने थायमिनला बाधा येत नाही. उलट खाण्याच्या सोड्याने ते झपाट्याने नष्ट होते, त्यामुळे सोडा घातलेल्या पिठात यीस्ट मिसळण्यात अर्थ नाही. सकाळच्या मऊ भातावर मेतकुटाबरोबर, उकड्या तांदळाच्या पेजेवर, किंवा गरम भाकरीला तूप लावून त्यावर, असेही ते चांगले लागते. सोलकढीत मात्र घालू नये. नारळाच्या रसाची नाजूक चव त्याखाली दबून जाते.

बी-१२ साठी घेत असाल तर महिन्यातून एकदा मोठा डोस घेण्यापेक्षा रोज थोडे घेणे अधिक परिणामकारक, कारण आतडे एका वेळी या जीवनसत्त्वाचा ठरावीक छोटा भागच नीट शोषू शकते.

सहावी पायरी: जुलाबासाठी बुलार्डी घेताना

कोणत्याही जुलाबात पहिला उपचार ओआरएस, आणि लहान मुलांत त्याबरोबर जस्त. बुलार्डी ही त्यावरची जोड आहे. प्रतिजैविक सुरू केल्यावर जुलाब होऊ नयेत म्हणून डॉक्टर ते देतात तेव्हा ते प्रतिजैविकाबरोबर सुरुवातीपासूनच घेणे योग्य. यीस्ट बुरशी असल्याने जिवाणूंवरच्या औषधाने मरत नाही, त्यामुळे दोन्हींत अंतर ठेवण्याची गरज नसते. बुरशीविरोधी औषध, उदाहरणार्थ पावसाळ्यात त्वचेवरच्या नायट्यासाठी घेतलेले फ्लुकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल, चालू असेल तर मात्र त्याने हे यीस्ट मरते आणि दोन्ही एकत्र घेण्यात अर्थ राहत नाही.

प्रौढांसाठी साधारण २५० ते ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे ते दिले जाते. नेमकी मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. पुडी गार किंवा कोमट पाण्यात, ताकात कालवावी. गरम पेजेत किंवा चहात घातल्यास जिवंत पेशी मरतात. पावसाळ्यात सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत लेप्टोस्पायरोसिसचे (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचे) रुग्ण आढळतात. त्या दिवसांत शेतात चिखलपाण्यात काम केलेल्या माणसाला ताप, अंगदुखी आणि जोडीला उलट्या-जुलाब असतील, तर घरी बुलार्डी देत बसू नये, त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

सातवी पायरी: आमच्या हवेत साठवण

डब्यावर थंड व कोरड्या जागी ठेवा असे छापलेले असते, आणि जून ते सप्टेंबर या काळात कोकणातल्या घरात अशी जागा शोधूनही सापडत नाही. भिंतींना ओल येते, मीठ पाणी सोडते, पापड मऊ पडतात. यीस्टच्या पापुद्र्या ओलावा झपाट्याने ओढतात. आषाढात डबा रोज उघडला तर प्रथम पापुद्र्या एकमेकींना चिकटतात, मग चमच्याला घट्ट गोळा लागतो, रंग पिवळ्याचा तपकिरी होऊ लागतो आणि खमंग वासाच्या जागी कुबट वास येतो. नुसता सैलसर गोळा झाला असेल, तो बोटाने मोडत असेल आणि वास मूळचाच असेल, तर वापरायला हरकत नाही. पण कुबट वास, करडे-हिरवे ठिपके किंवा ओलसर चकाकी दिसली तर संपूर्ण डबा टाकून द्यावा, वरचा थर काढून खालचे वापरू नये.

म्हणून पावसाळ्यापूर्वी मोठा डबा घेऊ नये, महिन्याभरात संपेल असा छोटा घ्यावा. मोठा घेतलाच तर आणल्या दिवशी, ऊन असताना, पूर्ण वाळवलेल्या दोन-तीन लहान काचेच्या बरण्यांत तो विभागावा. झाकण रबरी कड्याचे असावे. मूळ डब्यातली ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी बरणीत टाकावी, पण ती फुटलेली नाही हे पाहून. एकच बरणी वापरात ठेवावी आणि बाकीच्या बंद. चमचा पूर्ण कोरडा हवा, आणि उकळत्या भांड्यावर बरणी धरून त्यातून थेट भुरभुरू नये, कारण वाफ सरळ आत जाते. काचेची बरणी उजेडात ठेवू नये, रायबोफ्लेविन आणि बी-१२ दोन्ही प्रकाशाने नासतात. चुलीजवळचे किंवा गॅसवरचे फडताळही टाळावे.

फ्रिजचा विचार अनेक जण करतात. न उघडलेली बरणी फ्रिजमध्ये चांगली राहते, पण रोज बाहेर काढली जाणारी बरणी तिथे ठेवली तर दर वेळी थंड काचेवर आणि आतल्या पापुद्र्यांवर दव धरते. फ्रिजमधून काढलेली बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये. बुलार्डी घेताना शक्य असेल तर २५ अंशांखाली, फ्रिजविना टिकणारे उत्पादन निवडावे आणि तेही फॉइलच्या पट्टीत किंवा सुट्या पुड्यांत, एकाच मोठ्या बाटलीत नको. पावसात वीज जाऊन तासन्‌तास फ्रिज बंद राहतो, त्यामुळे २ ते ८ अंशांत ठेवण्याचे उत्पादन आवश्यक तेवढेच आणावे. मार्च ते मे या काळात दारात उभ्या गाडीत कोणतेही जिवंत पूरक विसरून ठेवू नये.

आठवी पायरी: किती काळ घ्यावे आणि केव्हा थांबावे

प्रतिजैविकाबरोबर दिलेले बुलार्डी डॉक्टरांनी सांगितल्या मुदतीनंतर बंद करावे. ते आतड्यात कायमचे वस्ती करत नाही आणि घेणे थांबवल्यावर काही दिवसांतच नाहीसे होते. बी-१२ साठी घेतलेल्या यीस्टचा परिणाम तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून पाहावा, आणि आकडा वर आला नसेल तर यीस्टची मात्रा वाढवण्याऐवजी शोषणात अडथळा आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. सेलेनियम किंवा क्रोमियमची गोळी तपासणी आणि वैद्यकीय सल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने चालू ठेवू नये.

अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे किंवा श्वास लागणे असे काही झाले तर पूरक ताबडतोब थांबवून डॉक्टरांकडे जावे. उत्पादनातच दोष वाटला, म्हणजे सीलबंद डब्यात बुरशी निघाली किंवा लेबलवरचा परवाना क्रमांक बनावट आढळला, तर डबा, बिल आणि बॅच क्रमांक जपून ठेवून जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात किंवा एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर लेखी तक्रार करावी. बॅच क्रमांकाशिवाय दिलेल्या तक्रारीवर पुढे नमुना तपासणे अवघड जाते, म्हणून नवा डबा बरण्यांत विभागतानाच त्या क्रमांकाची आणि मुदतीच्या तारखेची चिठ्ठी प्रत्येक बरणीला चिकटवावी.